मनुष्यबळ विभागातली नोकरी: समाधान देणारी, की दोन्हीकडून बोल लावून घेण्याची?

रामबागकर

इंदुरात सध्या एमबीएच्या प्रवेशांची धावपळ सुरू आहे आणि माझ्या भाचीने कोणता विशेष विषय घ्यावा, यावर घरात रोज चर्चा होते आहे. तिचा ओढा मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे, म्हणजे ज्याला सगळे एचआर म्हणतात, त्याकडे आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की त्यापेक्षा फायनान्स घ्यावे, कारण एचआरवाल्यांना कामगारही नावे ठेवतात आणि मालकही. मी स्वतः पीथमपूरच्या, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात याच विभागात बरीच वर्षे काम करते आहे. त्यामुळे मत साहजिकच मला विचारले गेले, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखे नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे मत आधीच मांडते, म्हणजे चर्चेला धरायला काहीतरी मिळेल. या कामात जे चांगले घडते ते गोपनीय ठेवावे लागते आणि जे कटू असते ते आमच्या सहीने जाहीर होते. एखाद्याच्या घरी गंभीर आजारपण आहे हे कळल्यावर त्याची पाळी बदलून दिली, कुणाचा दारूचा प्रश्न शिस्तभंगापर्यंत जाण्याआधी त्याच्या घरच्यांना विश्वासात घेऊन हाताळला, तर त्याचा उच्चार आम्ही कुठेही करू शकत नाही, आणि करूही नये. याउलट पगारवाढ किती द्यायची हे विभागप्रमुख आणि वित्त विभाग ठरवतात, पण पत्रावर नाव आमचे असते. रजा नाकारली, नोटीस दिली, ठेका संपला म्हणून माणसे कमी केली, की लोकांना आमचाच चेहरा आठवतो. त्यामुळे लोक आपले आभार मानतील, या अपेक्षेने येणाऱ्या माणसाची निराशा ठरलेली आहे. तरीही हे काम मला मोलाचे वाटते. ज्यांनी हे काम केले आहे किंवा ज्यांना या विभागाचा बरा-वाईट अनुभव आला आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

सुपर कॉरिडॉर

ताई, तुमच्या हेतूविषयी शंका नाही, पण दुसरी बाजू स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. मी संगणक क्षेत्रात आहे. नोकरीवर रुजू होताना आम्हाला सांगितले जाते की काहीही अडचण आली तर एचआरकडे या, आमचे दार उघडे आहे. प्रत्यक्षात आपण तिथे जे बोलतो ते कुठपर्यंत पोहोचते, हे आपल्याला कधीच कळत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने वरिष्ठाच्या वागण्याबद्दल विश्वासाने सांगितले आणि पुढच्या मूल्यमापनात त्याचे गुण उतरले. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता हे सिद्ध करता येत नाही, पण त्यानंतर आमच्यापैकी कुणी त्या दारात पाऊल ठेवले नाही.

राजीनामा दिल्यावरचा अनुभव तर सार्वत्रिक आहे. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, तो पूर्ण केला तरी शेवटचा हिशेब आठवडेच्या आठवडे रखडतो, रिलीव्हिंग लेटरसाठी रोज मेल पाठवावे लागतात, आणि नवीन कंपनी तेच पत्र मागत असते. एक्झिट इंटरव्ह्यूत मनापासून दिलेल्या उत्तरांचे पुढे काय होते, हे मी आजवर कुणाकडून ऐकलेले नाही. विभागाचा पगार कंपनी देते, निष्ठा कंपनीशी असते, आणि त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की कर्मचाऱ्यांना मात्र हा विभाग त्यांच्यासाठी आहे असे सांगितले जाते. हे काम कृतघ्न वाटण्याचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

परदेशीपुरा

मी एचआरमध्ये कधी नव्हतो, पण गिरणीवस्तीत वाढलो आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापडगिरणी 1990च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ कोर्टकचेऱ्यांत राहिला. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला आणि सुमारे 4,800 कामगारांच्या देण्याचा मार्ग मोकळा झाला. तोपर्यंत त्यांतले कितीतरी जण हयात नव्हते, त्यामुळे पैसे वारसांकडे गेले.

आमच्या गल्लीत त्या काळात मी जे पाहिले, त्यामुळे या विभागाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. वारसाला आपले नाते सिद्ध करावे लागते, आणि गिरणीच्या कागदावर जसे नाव लिहिलेले आहे तसेच ते मृत्यूच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर असावे लागते. आपल्या मराठी घरांत मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, आणि इथल्या हिंदी कागदपत्रांत ते कुठे गळते तर कुठे आडनावाच्या जागी जाऊन बसते. भरती होताना ज्या कारकुनाने नाव, जन्मतारीख आणि वारस नीट नोंदवून ठेवले, त्याच्यामुळे तीस वर्षांनी एका म्हातारीचे हेलपाटे वाचले. त्या कारकुनाचे नाव आज कुणालाही माहीत नाही. ज्याने घाईघाईत काहीतरी खरडले, त्याच्यामुळे दुसऱ्या घराला वकिलाची पायरी चढावी लागली. सुपर कॉरिडॉर यांचा राग मला समजतो, पण या विभागाचे खरे काम बैठकीच्या खोलीपेक्षा रजिस्टरमध्ये अधिक होते, असे मला वाटते.

रामबागकर

परदेशीपुरा, तुम्ही नेमका मुद्दा मांडला आहे. त्याच धर्तीवरचे एक प्रकरण सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच देत नाही.

आमच्या एका पाळीतल्या कामगाराचा सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला. वय तिशीच्या आत, नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी. घरच्यांची अशी समजूत होती की पाच वर्षे झाली नाहीत म्हणजे ग्रॅच्युइटी नाही, आणि दहा वर्षे झाली नाहीत म्हणजे पेन्शन नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मृत्यूच्या बाबतीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागू होत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत कुटुंब पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागत नाही, नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते. शिवाय पीएफशी जोडलेली ठेवसंलग्न विमा योजना असते, जिचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही तर मालक भरतो, आणि तिची कमाल रक्कम सध्या 7 लाख रुपये आहे. पगाराच्या पावतीवर कपात दिसत नसल्यामुळे असा विमा आहे हेच बहुतेक कामगारांना ठाऊक नसते.

मृत कामगाराने लग्नानंतर नामांकन बदलले नव्हते. त्यात आईचे नाव होते, पत्नीचे नव्हते, आणि पत्नीच्या आधारवर माहेरचे आडनाव होते. लग्न झाल्यावर पीएफचे आधीचे नामांकन कायद्याने रद्द ठरते, हे त्या कुटुंबाला आम्ही समजावून सांगितले. सासू-सुनांना एकत्र बसवून दोघींचा गैरसमज दूर करणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग होता. नाव दुरुस्त करून घेणे, बँकेच्या खात्याची जोडणी, मुलाचा जन्मदाखला, आमच्याकडची प्रमाणपत्रे, पीएफ कार्यालयाने काढलेली एकेक त्रुटी, असे करत करत सगळे दावे मंजूर झाले. पेन्शन सुरू झाल्याचे कळले त्या दिवशी मला जे वाटले, ते इतर कोणत्याही नोकरीत वाटले असते असे मला वाटत नाही. आमच्या वार्षिक मूल्यमापनात या कामाला कोणताही रकाना नाही, हेही खरे आहे.

सुपर कॉरिडॉर, तुमच्या शेवटच्या हिशेबाविषयी: 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि वेतनसंहितेप्रमाणे राजीनामा असो वा कामावरून कमी करणे असो, वेतनाचा हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा असतो. ग्रॅच्युइटीसाठी तीस दिवसांची मुदत आहे. ही तरतूद वित्त विभागापुढे ठेवून त्यांच्याकडून पैसे सोडवून घेणे हे एचआरचे काम आहे. ते न करणारा विभाग चुकतो आहे, इथे मी तुमच्याच बाजूने आहे.

कल्याण अधिकारी (निवृत्त)

या प्रश्नाचा इतिहास लक्षात घेतला तर बऱ्याच गोष्टी उलगडतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पूर्वी गिरण्यांत आणि कारखान्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे. तोच माणसे आणी, तोच काढी, आणि दोन्हीसाठी दस्तुरी, म्हणजे पैसे, घेई. ही पद्धत मोडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस 1931 साली शाही श्रम आयोगाने केली. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 49 ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आता नव्या संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आली आहे.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अनेक राज्यांच्या नियमांत असे स्पष्ट लिहिलेले होते की कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत भाग घेऊ नये आणि व्यवस्थापनाच्या वतीने कामगाराविरुद्ध न्यायालयात उभे राहू नये. म्हणजे ज्याच्याकडे कामगार गाऱ्हाणे घेऊन जातो, त्याच माणसाच्या हातात आरोपपत्र असू नये, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळले होते. पगार कंपनीच देत होती, पण भूमिका वेगळी राखलेली होती. पुढे पर्सोनेल खाते आले, मग एचआर आले, आणि बहुतेक ठिकाणी भरती, कल्याण, शिस्त, मूल्यमापन आणि कपात या सगळ्याच गोष्टी एका टेबलावर आल्या. सुपर कॉरिडॉर यांनी ज्या विसंगतीचा उल्लेख केला आहे ती माणसांच्या वाईटपणातून आलेली नाही, या एकत्रीकरणातून आलेली आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा इंदुरात कामगार चळवळीचा दबदबा होता. व्ही. व्ही. द्रविड आणि रामसिंहभाई वर्मा यांच्यासारख्या नेत्यांनी घडवलेली पिढी समोर असे आणि कम्युनिस्ट नेते होमी दाजी यांना मानणारे कामगारही असत. युनियन समोर असल्यामुळे आमचे काम कठीण होते, पण प्रामाणिक राहणे सोपे होते, कारण आम्ही कुणाची बाजू घेत आहोत असे ढोंग करावे लागत नसे. कामगाराची बाजू मांडायला त्याचा माणूस हजर असे, कंपनीची बाजू मांडायला मॅनेजर असे, आणि आमच्याकडून अपेक्षा एवढीच असे की कागद खरा असावा आणि शब्द पाळला जावा. आज संगणक क्षेत्रात दुसरी बाजू मांडणारा कुणीच नसतो. मग एचआरमधल्या पंचविशीतल्या मुलीकडून न्यायाधीश, वकील आणि आई अशी तिन्ही कामे अपेक्षिली जातात. ती कुणालाही झेपणार नाहीत.

विजयनगर

मी भरतीच्या कामात आहे आणि वरचे वाचून थोडी खिन्न झाले, कारण पेन्शन मिळवून देण्यासारखे काही माझ्या वाट्याला येत नाही. महिन्याला इतक्या जागा भरायच्या हे लक्ष्य, त्यासाठी दिवसभर फोन, आणि ऑफर स्वीकारलेला उमेदवार नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे जातो, तेव्हा जाब मला विचारला जातो. निवड न झालेल्यांना तसे कळवावे, असे मला मनापासून वाटते, पण त्यासाठी वेळ दिला जात नाही आणि मग ते लोक समाजमाध्यमांवर आमच्याविषयी लिहितात. त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही.

मन रमते ते एकाच गोष्टीत. धार, झाबुआ, खरगोनकडून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मुलींची निवड होते, तेव्हा त्यांच्या घरच्यांचा फोन येतो आणि वसतिगृह कुठे आहे, बस किती वाजता सुटते, असे ते विचारतात. हे सांगणे माझ्या कामाचा भाग नाही, तरी मी सांगते. रामबागकर ताईंच्या भाचीला एवढेच कळवावे की एचआर म्हणून जी जाहिरात येते, तिच्यामागे बहुतेक वेळा केवळ भरतीचेच काम असते.

छावणी

मी वकिली करते आणि काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी समिती बंधनकारक करतो. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यावा लागतो. चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जास्तीची रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. आणि कलम 16 प्रमाणे नावे, जबाब, निष्कर्ष, झालेली कारवाई यांतले काहीही प्रसिद्ध करता येत नाही.

धाग्याच्या सुरुवातीला गोपनीयतेचा जो मुद्दा आला आहे, तो इथे सर्वांत तीव्रतेने जाणवतो. एका प्रकरणात मी पाहिले की कंपनीच्या एचआर प्रमुख बाईंनी तक्रारदार मुलीची बाजू ऐकून घेतली जावी म्हणून विक्री विभागाच्या बड्या अधिकाऱ्याशी अक्षरशः वैर पत्करले. महिन्याचे उद्दिष्ट तोच गाठून देतो, त्याला आत्ता हात लावू नका, असे त्यांना वरून सुचवले गेले होते. त्यांनी समितीचे काम थांबू दिले नाही. कारवाई झाली. कार्यालयात मात्र अशी कुजबूज सुरू झाली की एचआरने एका चांगल्या माणसाला घालवले, आणि त्या बाईंना तोंड उघडून एक शब्द बोलण्याची मुभा नव्हती. तक्रारदार मुलगीही काही बोलू शकत नव्हती. असे धैर्य दाखवणारी माणसे या विभागात आहेत, हे नावे न घेता का होईना, कुठेतरी लिहिले जावे म्हणून लिहिते आहे.

सुपर कॉरिडॉर

वरचे सर्व प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. ठेवसंलग्न विम्याची माहिती मला नव्हती. नामांकनही तपासले, ते लग्नाआधीचेच निघाले आणि आज ऑनलाइन बदलले. त्याबद्दल धागाकर्तीचे मनापासून आभार.

तरी एक आक्षेप नोंदवतो. गोपनीयतेचे कारण खरे आहे, पण तेच कारण ढाल म्हणूनही वापरले जाते. लैंगिक छळाच्या प्रकरणात कायद्याने मुदत ठरलेली आहे, समितीत बाहेरचा सदस्य आहे, त्यामुळे विश्वास बसतो. पण वरिष्ठाकडून होणारा अपमान, मूल्यमापनातला पक्षपात, सुट्टीच्या दिवशीही न थांबणारे काम, यांविषयीच्या तक्रारींना ना मुदत, ना समिती, ना लेखी उत्तर. तिथे 'हे गोपनीय आहे' असे म्हटले की प्रकरण संपते. एचआरमधल्या लोकांनी निदान एवढे करावे की आलेल्या प्रत्येक तक्रारीला लेखी पोच द्यावी आणि निर्णय काय झाला ते तक्रारदाराला सांगावे. एवढ्याने कुणाचीही गोपनीयता भंग होत नाही.

रामबागकर

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि लेखी पोच देण्याची पद्धत आमच्याकडे कामगारांसाठी आहे, कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी नाही, हे तुमच्यामुळे लक्षात आले. त्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे.

कल्याण अधिकारी काकांच्या प्रतिसादानंतर भाचीला काय सांगायचे ते मला बरेच स्पष्ट झाले आहे. एचआर चांगले की वाईट, हा प्रश्न कंपनीगणिक बदलतो, आणि त्याची पारख अशी करता येते की तिथल्या एचआरला 'नाही' म्हणता येते का. आमच्याकडचे उदाहरण देते. ठेकेदाराचे महिन्याचे बिल मंजुरीला येते तेव्हा त्यासोबत पीएफ भरल्याचे चलन आणि नावांची यादी जोडलेली असते. ती यादी गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहावी लागते. गेटवर ज्यांची हजेरी लागली आहे त्यांची नावे चलनात नसतील, तर त्या माणसांचा पीएफ भरला गेलेला नाही, आणि ठेकेदाराने भरला नाही तर ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते. अशा वेळी बिल अडवले की उत्पादन विभागाचा फोन येतो, ठेकेदार माणसे पाठवणार नाही अशी भीती घातली जाते. आमचे कारखानाप्रमुख अशा वेळी बिल अडलेलेच राहू देतात. ज्या दिवशी ते मला सही करून टाकायला सांगतील, त्या दिवशी या नोकरीतला माझा रस संपेल. ज्यांच्यासाठी बिल अडवले ती माणसे मला ओळखतही नाहीत, आणि त्याचे मला कधी वाईट वाटलेले नाही.

म्हणून मुलाखतीला जाताना तिने चार गोष्टी विचाराव्यात असे मी तिला सांगणार आहे. एचआर प्रमुख कुणाला उत्तरदायी आहे, थेट सर्वोच्च अधिकाऱ्याला की वित्त विभागाला. ठेकेदारांची बिले कुणाच्या तपासणीने सुटतात. अंतर्गत समितीची बाहेरची सदस्य कोण आहे. आणि माणूस कमी करण्याच्या निर्णयात एचआरचे मत आधी घेतले जाते, की नुसते पत्र टाइप करायला सांगितले जाते. विजयनगर म्हणतात त्याप्रमाणे काम केवळ भरतीचे आहे का, हेही विचारावे.

कल्याण अधिकारी (निवृत्त)

प्रश्न योग्य आहेत, पण मुलाखतीतली उत्तरे नेहमी गोड असतात. प्रवेश घेण्याआधी तिला एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे जिथे हजेरी ठेवली जाते तिथे, दोन महिने बसू द्या. पगाराच्या तारखेआधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस तिने तिथे असलेच पाहिजे. खिडकीशी येणारा माणूस ओव्हरटाइमचे चार तास कमी लागले म्हणून तावातावाने बोलत असेल, तेव्हा तिला हजेरी काढून तपासाविशी वाटते की त्याला परत पाठवावेसे वाटते, हे तिचे तिलाच कळेल.

रामबागकर

काका, हे फार उपयोगी आहे. आमच्याच कारखान्यात बसवले तर ती माझी भाची म्हणून सगळे जपून वागतील, त्यामुळे सांवेर रोडवरच्या एखाद्या लहान कारखान्यात विचारून पाहते. तिथे एकाच टेबलावर हजेरी, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि भांडणे असे सगळेच असते. कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.